समजून घ्या : काडतुसातली दारू मापाने भरायची की वजनाने? प्रश्न छोटा, पण जोडलेला आपल्या विदर्भाशी

मोबाईलवर व्हिडिओ पाहताना तुमच्यासमोरही हे आले असेल. अमेरिकेतला कुणी हौशी नेमबाज घरच्या टेबलावर बसलेला असतो. वापरलेल्या काडतुसाच्या पितळी नळीत तो नवी दारू भरतो आणि विचारतो, 'कोणती दारू प्रत्येक वेळी मापात सारखी पडते?' तिकडे हा छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यामुळे हा लेख 'कसे भरायचे' हे सांगण्यासाठी नाही.

पण त्या नेमबाजाचा प्रश्न नागपूरकरांना परका नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ही दारू तयार होते. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत काडतुसे तयार होतात. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला लष्कराचे दारूगोळा भांडार आहे. स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे, म्हणजे 'पेसो'चे, मुख्यालय तर नागपुरातच आहे.

ही दारू दिसते कशी?

दिवाळीच्या फटाक्यातली काळी पूड आणि रायफलमधली दारू या वेगळ्या गोष्टी आहेत. रायफलची दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असते. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1884 मध्ये अशी धूर न करणारी दारू तयार केली आणि काळ्या पुडीचे दिवस संपत आले. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही मिसळतात.

दाण्यांचे आकार ढोबळमानाने तीन. काडी, गोळी आणि चकती. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर तुटलेल्या शेवया, मोहरी आणि पोहे.

मग मापात फरक का पडतो?

एक वाटी मोहरी दहा वेळा भरा आणि दहाही वेळा वजन करा. फरक नगण्य येईल. आता तीच वाटी शेवयांच्या तुकड्यांनी भरा. कधी तुकडे आडवे अडकतात, कधी मध्ये पोकळी राहते, कधी वाटी हलली की आणखी चमचाभर मावतात. माप तेच, वजन वेगळे.

काडतूस भरताना नेमके हेच होते. भरणारे उपकरण सहसा आकारमान मोजते, वजन नाही. गोळीदार दारू त्यातून पाण्यासारखी वाहते. काडीची दारू अडते, काही काड्या उपकरणाच्या कडेला कापल्याही जातात. दाण्यांवर ग्राफाइटचा पातळ थर देतात तो यासाठीच. त्याने दाणे घसरतात आणि स्थिर विजेचा धोकाही कमी होतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते?

5.56 मिमीच्या काडतुसात साधारण पावणेदोन ग्रॅम दारू असते, 7.62 मिमीच्या काडतुसात जवळपास तीन ग्रॅम. या क्षेत्रात वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. 7.62 च्या काडतुसात अर्धा ग्रेन इकडेतिकडे झाला, तरी गोळीचा वेग सेकंदाला साधारण सात-आठ मीटरने बदलतो. पाच-सहाशे मीटरवर गोळी काही सेंटिमीटर वर किंवा खाली लागते.

दारू जास्त पडली तर प्रश्न नेमाचा राहत नाही. नळीतला दाब दारूच्या प्रमाणापेक्षा वेगाने वाढतो आणि बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडाशी फुटू शकते.

खेळातही सातत्याचीच किंमत आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचे असते, आपल्या शर्टाच्या बटणाएवढे. या प्रकारातली काडतुसे कारखान्यातूनच बंद होऊन येतात. म्हणून अव्वल नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून झाडून पाहतात आणि जो सर्वांत सारखा चालेल तो निवडतात.

म्हणजे गोळीदार दारू घेतली की झाले?

नाही. इथेच खरी मेख आहे.

1960 च्या दशकात अमेरिकी लष्कराची नवी एम-16 रायफल काडीच्या दारूवर विकसित झाली होती. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्यावर ही दारू ठरलेल्या वेग आणि दाबाच्या मर्यादेत सातत्याने बसेना. म्हणून 1964 मध्ये गोळीदार दारू स्वीकारली गेली. ती भरायला सोपी होती, उत्पादनाला सोयीची होती. पण रायफलच्या झडण्याचा वेग वाढला आणि आत जळका थर साचू लागला. त्यातच कक्षाला क्रोमचा मुलामा नव्हता, सफाईचे साहित्य अपुरे होते. व्हिएतनाममध्ये ऐन चकमकीत सैनिकांच्या रायफली अडकल्या. 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने चौकशी केली आणि दारूतील या बदलावरही बोट ठेवले.

दारू मापात सारखी पडत होती. पण ती त्या रायफलमध्ये, त्या परिस्थितीत पुरेशी तपासलेली नव्हती.

आणखी एक घटक आपल्या ओळखीचा आहे, ऊन. दारू तापली की जलद जळते आणि दाब वाढतो. काही दारू याबाबत जास्त संवेदनशील असतात, काहींवर परिणाम कमी. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या विदर्भात हा मुद्दा पुस्तकी नाही. म्हणून निवड करताना दाण्याचा आकार हा एक निकष झाला. जळण्याचा वेग, उष्णतेत वागणूक, मागे राहणारी काजळी आणि एका लॉटपासून दुसऱ्या लॉटपर्यंतचे सातत्य हे बाकीचे निकष.

आमचे मत

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात, की उपकरण अचूक असणे आणि प्रक्रिया विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या गोष्टी. काडतुसाच्या बाबतीत हा धडा आपल्याकडे पाळला जातो. लॉटमधले नमुने काढले जातात, वेग आणि दाब तपासला जातो, न बसणारा लॉट नाकारता येतो.

प्रश्न असा, की हीच शिस्त दारू तयार करणाऱ्या माणसांच्या सुरक्षेला लागू होते का? 17 डिसेंबर 2023 रोजी बाजारगावजवळच्या स्फोटके कारखान्यात नऊ कामगार गेले. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. या दुर्घटनांचा काडतुसात दारू भरण्याशी संबंध नाही. संबंध आहे तो मोजण्याच्या सवयीशी. दारूच्या प्रत्येक लॉटला चाचणीचा अहवाल असतो. तो दाखवल्याशिवाय लॉट पुढे सरकत नाही. मग प्रत्येक इमारतीच्या सुरक्षा तपासणीचा अहवाल तिथे काम करणाऱ्याला आणि शेजारच्या गावाला का दाखवला जाऊ नये? संरक्षणाची गुपिते झाकूनही एवढे नक्की सांगता येते, की तपासणी कधी झाली, काय चुकीचे आढळले आणि ते दुरुस्त केव्हा झाले.

साडेसहा मिलिग्रॅम, म्हणजे ग्रेनचा दहावा भाग, मोजण्याची क्षमता या उद्योगाकडे आहे. सकाळच्या पाळीला डबा घेऊन आत गेलेला माणूस संध्याकाळी घरी परतेल याची खात्रीही तितक्याच काटेकोरपणे मोजली गेली पाहिजे.