पंचाची खिलाडू वृत्ती

‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ आपल्या जिमखान्याच्या प्रत्येक सूचनेखाली हे वाक्य असते, आणि ते असायलाच हवे. नाहीतर एकही सामना दिवस मावळायच्या आत संपणार नाही. पण ‘अंतिम’ म्हणजेच ‘अचूक’ अशी समजूत आम्ही पंचमंडळी हळूहळू करून घेतो, तिच्याविषयी मला लिहायचे आहे. हे मी प्रेक्षक म्हणून लिहीत नसून गुन्हेगार म्हणून लिहीत आहे.

गेल्या वर्षी आंतरवर्गीय कबड्डी सामन्यांत मला पंच नेमले होते. गळ्यात शिट्टी आली की मान आपोआप ताठ होते, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. उपांत्य सामन्याची शेवटची चढाई होती. प्रथम वर्षाचा संघ एका गुणाने मागे. त्यांच्या मुलाला दोघांनी धरून पाडले आणि मी शिट्टी फुंकून त्याला बाद दिले. शिट्टी वाजते न वाजते तोच माझ्या लक्षात आले की, त्याआधीच त्याचा हात मध्यरेषेपलीकडे टेकला होता आणि दमही सुटला नव्हता. दोन गुण त्याचे होते, आणि सामनाही. तो उठला, तळव्याला लागलेली पांढरी फक्की त्याने मला दाखवली आणि एवढेच म्हणाला, “दादा, रेघ.” सरपंचांनी विचारले, “नक्की ना?” मी म्हणालो, “नक्की.”

त्याने हात चड्डीला पुसला, धरणाऱ्या दोघांशी हस्तांदोलन केले आणि तो निघून गेला. बक्षीस समारंभात खिलाडू वृत्तीवर भाषणे झाली. ती खेळाडूंना उद्देशून होती. पंचांच्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या.

खिलाडू वृत्तीचे उदाहरण म्हणून आपल्याकडे १९८० सालचा वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना हटकून सांगतात. इंग्लंडच्या बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिले होते. चेंडू बॅटला लागला नाही अशी खात्री वाटल्याने कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावले. टेलरने बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. विश्वनाथचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. पण त्या भरल्या मैदानावर आणखी एक माणूस उभा होता. ज्यांचे बोट वर गेले होते, ते पंच हनुमंत राव. कर्णधाराचे म्हणणे मान्य करून त्यांनी आपला निर्णय मागे घेतला. विश्वनाथने एक गडी सोडला; रावांनी हजारो लोकांदेखत आपला शब्द सोडला. यांत अधिक अवघड काय, हे मी आता सांगू शकतो.

याच्या नेमके उलटे १९८७ साली फैसलाबादला घडले. क्षेत्ररक्षक हलवण्यावरून पंच शकूर राणा आणि कर्णधार माइक गॅटिंग यांची बोटे एकमेकांवर रोखली गेली. गॅटिंगची भाषा शोभणारी नव्हती, हे खरेच. परंतु लेखी माफी मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे पंचांनी सांगितले आणि कसोटीचा एक संपूर्ण दिवस एकही चेंडू न पडता गेला. माफीची चिठ्ठी आली. पंचांचा मान त्यामुळे किती वाढला, ते वाचकांनीच ठरवावे.

आमचे काही मित्र म्हणतात, पंच एकदा बदलला की प्रत्येक निर्णयाला आरडाओरडा होईल. ही भीती खोटी नाही. आपल्या मैदानावर तिसऱ्या वर्षाची मुले रेषेवर येऊन कसा दबाव आणतात, हे मी पाहिले आहे. पण ओरड्यापुढे वाकणे वेगळे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कबूल करणे वेगळे. पहिल्यात भीती असते. दुसऱ्याला मात्र भीती टाकावी लागते. क्रिकेटचा नियमही पंचाला निर्णय तत्काळ बदलण्याची मुभा देतो. आता तर तिसऱ्या पंचाने चूक दाखवली की मैदानावरचा पंच दोन्ही हातांची छातीवर फुली करून खांद्यांना लावतो आणि आपला निर्णय रद्द करतो. जगभर लोक ते पाहतात आणि षटक पुढे चालू होते. कुणी त्या पंचाला लहान समजत नाही. आमच्या फक्कीच्या मैदानावर कॅमेरा नाही, म्हणून तर पंचाचे मनच तेथे तिसरा पंच व्हायला हवे. सामन्याआधी सरपंचांनी आम्हांला, “चूक दिसली तर लगेच सांगा, मी तुमच्या पाठीशी आहे,” एवढे म्हटले, तरी पुष्कळ फरक पडेल. माझ्याकडे त्या दिवशी तेवढे बळ नव्हते.

यंदाच्या पंचांच्या यादीत माझे नाव पुन्हा आले, तेव्हा मी त्या मुलाला कँटीनमध्ये गाठले आणि सारे सांगून टाकले. तो चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, “दादा, तुम्हांला दिसलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.”