पार्टनर, पण कशात?

काही शब्द इतके गोड असतात की जो तो ते उचलतो आणि आपल्या खिशात टाकतो. 'पार्टनर' हा त्यातला एक. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं एकमेकांना 'रूम पार्टनर' म्हणतात. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये पार्टनर, दुकानाच्या पाटीवर दोन आडनावं असली की पार्टनर, विवाह मंडळाच्या अर्जात 'लाइफ पार्टनरविषयी अपेक्षा'. कधीच दुकानाची पायरी न चढणारा, फक्त पैसे घातलेला तो 'स्लीपिंग पार्टनर'. (वर्गात हा शब्द आला की मागच्या बाकांवर हमखास खसखस पिकायची!) माझ्या पिढीला तर वपुंच्या कादंबरीमुळे हा शब्द मित्रासारखाच वाटतो.

इतक्या ठिकाणी वापरला जाणारा शब्द नेमका कशाचा बनलाय, हे बघायची मला जुनी खोड आहे. शब्द मूळचा वाटणीचा. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'पार्सनर' आला, म्हणजे वाटेकरी. पुढे 'पार्ट' म्हणजे भाग या शब्दाच्या ओढीनं त्याचा 'पार्टनर' झाला. गंमत अशी की त्या जुन्या रूपाशी आपली गाठ आजही पडते, ती कोर्टात. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क असणाऱ्याला हिंदू कायद्यात 'कोपार्सनर' म्हणतात. महाराष्ट्रात लेकींना हा हक्क १९९४ मध्ये मिळाला (तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच), आणि देशभर २००५ मध्ये. म्हणजे बहीण भावाची 'पार्टनर' झाली ती कायद्यानं. राखी तर ती आधीपासून बांधतच होती.

इंग्रजीतले सोबतीचे बाकीचे शब्दही बघण्यासारखे आहेत. 'कम्पॅनियन' म्हणजे मुळात एका भाकरीचे वाटेकरी. 'कॉम्रेड' म्हणजे एका खोलीत राहणारे, म्हणजे आपले रूम पार्टनरच की! 'मेट'च्या मुळाशीसुद्धा एकत्र जेवणं आहे. आपल्याकडे मात्र सोबत म्हटली की चालणं आलं. सहचर म्हणजे बरोबर चालणारा. सांगाती म्हणजे संगतीनं जाणारा. वारीच्या मुलखात दुसरं काय सुचणार? सप्तपदीतसुद्धा दोघं चालतातच, आणि सातवं पाऊल असतं सख्याचं, मैत्रीचं. लग्नात भटजी ते सांगतातही, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे असतं.

आणि आपला 'भिडू'! मेंढीकोट खेळताना समोर बसतो तो भिडू. त्याच्या हातातली पानं आपल्याला दिसत नाहीत, खुणा करायची परवानगी नाही, तरी त्याची दश्शी आपण वाचवायची आणि आपली त्यानं. हरलो तर कोट दोघांवर. हाच शब्द मुंबईच्या हिंदीत गेला, सिनेमात गेला आणि जॅकी श्रॉफ यांच्यामुळे २०२४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला. 'साथीदार' बिचारा मात्र बिघडला. पेपरात आता तो चोराबरोबरच दिसतो, 'मुख्य आरोपी आणि त्याचे तीन साथीदार'.

या सगळ्यांत पार्टनरचं वैशिष्ट्य हे की त्याचा अर्थ कायद्यानं लिहून ठेवला आहे. आपला भागीदारी कायदा १९३२ चा आहे. एका नातेवाइकांच्या दुकानाच्या वाटणीच्या वेळी तो मी पहिल्यांदा वाचला आणि थक्क झाले. वेगळा करार नसेल तर नफा सगळ्यांचा सारखा आणि तोटाही सारखा. हिशेबाच्या वह्या बघायचा हक्क प्रत्येकाला. कामकाजात भाग घ्यायचा हक्क प्रत्येकाला. एकमेकांशी न्यायानं आणि निष्ठेनं वागायचं, खरा हिशेब द्यायचा, काही लपवायचं नाही. एकानं धंद्यासाठी कर्ज केलं तर ते सगळ्यांच्या डोक्यावर. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर धंद्यात राबल्याबद्दल कुणालाच पगार नाही! हे वाचून मला वाटलं, अहो, हे तर संसाराचं वर्णन आहे. फक्त संसारात वह्या बघायचा हक्क बहुतेक घरांतून एकालाच असतो.

तर हा एवढा वजनदार शब्द. तो आज कुणाला दिलाय बघा.

गेल्या पावसाळ्यात औषधं घेऊन एक मुलगा आला. निथळत होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, "नको आजी, फरशी ओली होईल, ओटीपी सांगा." वळला तेव्हा पाठीवर लिहिलेलं दिसलं, पार्टनर. मी विचारलं, "कशात रे पार्टनर तू?" तो हसला आणि म्हणाला, "पेट्रोलमध्ये, आजी."

एका शब्दात त्यानं सगळं सांगितलं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा, रस्त्यात घसरून पडला तर हाडही त्याचंच. नफ्याचा वाटा नाही. वही बघायचा हक्क नाही. एका फेरीला किती पैसे मिळणार हे दुसरं कुणी ठरवतं आणि परस्पर बदलतं. १९३२ च्या कायद्याच्या कुठल्याच कलमात तो बसत नाही. मग त्याला पार्टनर का म्हणायचं? कारण उघड आहे. 'कामगार' म्हटलं की रजा, विमा, प्रॉव्हिडंट फंड असे प्रश्न सुरू होतात. 'पार्टनर' म्हटलं की प्रश्न संपतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं या मुलांची दखल घेतली तीही 'गिग कामगार' आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' या नावांनी. कायद्याला जे दिसलं ते टी-शर्टवर छापायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. नोकराला नोकर म्हणण्यात अपमान नाही. त्याचा पगार आणि त्याचे हक्क बुडवून त्याला पार्टनर म्हणण्यात आहे.

आता दुसरी बाजू. जिथे हा शब्द खरा आहे तिथे आपण तो द्यायला तयार नसतो.

माझ्या भाच्याची मुलगी पुण्यात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी एका समारंभात तिनं बरोबरच्या मुलाची ओळख करून दिली, "हा माझा पार्टनर." आमच्या एक वयोवृद्ध नातेवाईक बाई उत्साहानं म्हणाल्या, "अरे वा! कसला धंदा काढलाय?" हशा झाला, पण त्यानंतर घरात जी कुजबुज सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. नवरा म्हण, नाहीतर मित्र म्हण, हे मधलंच काय?

मग मागच्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन अचानक करावं लागलं. रात्री त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. डिपॉझिट त्यानं भरलं, औषधं त्यानं आणली. फॉर्मवर तिची सही झाली. पण खाली 'जवळच्या नातेवाइकाची सही' असा रकाना होता आणि 'नातं काय' असं विचारल्यावर त्यानं सांगितलेला शब्द तिथे चालेना. आई-वडील नागपूरहून रात्रभर प्रवास करून आले तेव्हा सही झाली. पैसे भरायला पार्टनर चालला, सही करायला चालला नाही. तोवर तो बाहेरच्या बाकावर बसून होता.

कायदा इथे अर्धाच रस्ता चालला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईला संरक्षण दिलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण २०२३ मध्ये त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. अशा जोडप्यांकडे 'पार्टनर'शिवाय दुसरा शब्दच नाही, आणि रकान्यात तो बसत नाही.

नातेवाईक मंडळी म्हणतात, आपल्या भाषेत काय शब्द कमी आहेत? कमी नाहीत, पण जरा उघडून बघा. पती म्हणजे स्वामी. भार्या म्हणजे जिचं भरणपोषण करायचं ती. गावाकडे अजून 'आमचे मालक' म्हणतात, शहरात 'यजमान'. बायकोला 'कुटुंब' किंवा 'मंडळी', म्हणजे ती एकटी माणूस म्हणून मोजायचीच नाही! पन्नास वर्षं 'अहो' म्हणण्यात प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण या पोरांना मालकही नको आणि पोसलेलं माणूसही नको. त्यांनी वाटेकऱ्याचा शब्द घेतला. मला तो आवडतो. मराठीच हवा असेल तर 'जोडीदार' आहे की. दोघांना सारखाच लागू पडतो.

फक्त या मुलांनाही एक सांगावंसं वाटतं. शब्द घेतलात तर कायद्यातला सगळा घ्या. तोट्यासकट घ्या. आजारपण, गेलेली नोकरी, एकमेकांचे म्हातारे आई-बाप, हे सगळं त्या वहीत येतं. तो मुलगा त्या रात्री बाकावर बसून राहिला म्हणून मी त्याला पार्टनर म्हणते. एरवी नुसता शब्द मी कुणालाच दिला नसता.

आणि आपण लग्न झालेल्यांनी तरी ताठ मानेनं काय सांगावं? १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करा, एवढीच मागणी. साधी गोष्ट, पण तिच्यासाठी मोहीम काढावी लागली. निंदणी, खुरपणी, वेचणी सगळी जिच्या हातची, तिचं नाव सातबाऱ्यावर यायला चळवळ लागते. मंगळसूत्र होतं, सातवं पाऊलही झालं होतं. वाटा तेवढा राहिला होता.

म्हणून मी आता शब्दापाशी थांबत नाही. कुणी पार्टनर म्हटलं, जोडीदार म्हटलं, सौभाग्यवती म्हटलं, की तीन प्रश्न विचारते. नफ्यात वाटा आहे का? तोट्यात सोबत आहे का? आणि वही बघायला मिळते का? तिन्हींना 'हो' असेल तर नाव काहीही ठेवा, माझा आशीर्वाद आहे.

तुमच्या घरातली वही कुणाच्या हातात असते, ते एकदा आठवून बघा. आणि दारात आलेल्या त्या पार्टनरला पाणी विचारा.