निलंबित विद्यार्थी संघटनांना मान्यता परत द्या, पण मेहेरबानी म्हणून नको

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी दोन विद्यार्थी संघटना निलंबित केल्या. एक ‘स्टुडंट्स फॉर जस्टिस इन पॅलेस्टाइन’ आणि दुसरी ‘ज्यूइश व्हॉइस फॉर पीस’. आदल्याच दिवशी गाझातील युद्धबंदीसाठी विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले होते. विनापरवानगी कार्यक्रम आणि धमकीची भाषा, अशी कारणे विद्यापीठाने दिली. निलंबन त्या सत्राच्या अखेरपर्यंत असेल, असे सांगितले गेले. सत्र संपले, पुढचे सुरू झाले, तरी मान्यता काही परत आली नाही. शेवटी मार्च २०२४मध्ये प्रकरण कोर्टात गेले. विद्यापीठाने स्वतःचीच शिस्तविषयक प्रक्रिया पाळली नाही, हा दाव्याचा मुख्य मुद्दा होता.

त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी ही बातमी पुढे पाठवली, संताप व्यक्त केला आणि आपापल्या कामाला लागलो. मला वाटते, या प्रकरणातून आपल्या तरुणांनी संतापापेक्षा जास्त काही घ्यायला हवे. संघटना निलंबित होते म्हणजे नेमके काय होते? आणि ती पूर्ववत करा असे म्हणताना आपण नेमके काय मागतो?

मान्यता ही फक्त कागदावरची गोष्ट नाही. मान्यता असेल तर सभागृह मिळते, विद्यापीठाचा निधी मिळतो, सूचना फलकावर नाव लावता येते. कोलंबियात निलंबनानंतर या संघटनांना आवारात कार्यक्रम घेता येईना आणि निधीही बंद झाला. शिक्षा संघटनेला झाली असे म्हणतात, पण ती भोगतो प्रत्येक सदस्य. ज्याने त्या दिवशी एक घोषणाही दिली नाही, तोसुद्धा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेत २०१०मध्ये हेच दिसले. फेब्रुवारीत इस्रायलचे राजदूत मायकल ओरेन यांच्या भाषणात विद्यार्थ्यांनी एकामागून एक उठून व्यत्यय आणला. अकरा जणांना अटक झाली. त्यातले तीन तर त्या शाखेचेही नव्हते, रिव्हरसाइड शाखेतून आलेले होते. हा व्यत्यय ‘मुस्लिम स्टुडंट युनियन’ने ठरवून घडवला, असा निष्कर्ष काढून विद्यापीठाने पूर्ण संघटनेवर वर्षभराच्या निलंबनाचा निर्णय दिला. आता विचार करा, परक्या शहरात नव्याने आलेल्या मुस्लिम विद्यार्थ्याला अशी संघटना म्हणजे काय असते? जुम्म्याच्या नमाजासाठी खोली, रमजानमध्ये इफ्तारची सोबत, पहिल्या महिन्यात वाट दाखवणारे कोणीतरी. सप्टेंबरमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलाचा फेब्रुवारीतल्या घोषणांशी काय संबंध? संघटनेने अपील केले, तेव्हा एका वर्षाचे निलंबन एका सत्रावर आले. अपिलाची वाट होती म्हणून एवढे तरी झाले.

सॉफ्टवेअरच्या कामात कोणाचा अ‍ॅक्सेस बंद करायचा असेल, तर चार गोष्टींची नोंद ठेवावी लागते : कोणी बंद केला, कधी, कोणत्या नियमाखाली आणि तो परत कधी, कोणत्या अटीवर मिळेल. ही नोंद नसेल तर साधा ऑडिटसुद्धा पास होत नाही. एका लॉगिनसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी शेकडो विद्यार्थ्यांच्या संघटनेसाठी विद्यापीठाने घ्यायला नको का?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्येच ‘हीली विरुद्ध जेम्स’ या खटल्यात हा प्रश्न हाताळला आहे. कनेक्टिकटमधील एका सरकारी कॉलेजने डाव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनेला मान्यता नाकारली होती. न्यायालयाने सांगितले की, विचार पटत नाहीत एवढ्यावरून मान्यता नाकारता येणार नाही आणि नाकारायचीच असेल तर कारण सिद्ध करण्याचा भार कॉलेजवर राहील. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, वाजवी नियम पाळण्याची हमी कॉलेज मागू शकते आणि शिक्षणात अडथळा आणणाऱ्यांवर कारवाई करू शकते. कोलंबिया खासगी आहे, त्यामुळे हा निकाल तिथे थेट लागू होत नाही. पण न्यायाची कसोटी खासगी आणि सरकारी अशी बदलत नाही.

आपल्याकडचे उदाहरण आयआयटी मद्रासचे. तिथल्या ‘आंबेडकर पेरियार स्टडी सर्कल’ची मान्यता २२ मे २०१५ रोजी काढून घेतली गेली. सुरुवात झाली ती केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे गेलेल्या एका निनावी तक्रारीने. मंत्रालयाने ती संस्थेकडे पाठवली. संघटनेने नियम मोडले, असे संस्थेचे म्हणणे होते. आम्हाला न ऐकताच निर्णय झाला, असे विद्यार्थ्यांचे. देशभर निदर्शने झाली, चर्चा झाली आणि ७ जूनला मान्यता परत मिळाली. सोळा दिवसांत! तक्रार करणाऱ्याला नावही सांगावे लागले नाही आणि ज्यांच्यावर तक्रार होती त्यांना बाजू मांडायलाही मिळाली नाही, ही गोष्ट कोणत्याही विचाराच्या माणसाला खटकली. दलित विद्यार्थ्यांच्या त्या लढ्याकडून आपल्या तरुणांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह स्टुडंट्स फोरम’वर बंदी घातली. कारण काय, तर कामकाजात अडथळा, संस्थेची बदनामी. ‘बदनामी’ हा शब्द एवढा सैल आहे की मेसच्या जेवणाची तक्रारही त्यात बसवता येईल.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. अमेरिकी विद्यापीठांत कित्येक ज्यू विद्यार्थ्यांना त्या काळात खरोखर भीती वाटली आणि त्या भीतीची थट्टा करणे चूक आहे. कोणी कोणाला धमकावले, धर्मावरून छळले, तर त्या व्यक्तीची चौकशी व्हावी, दोष सिद्ध झाला तर शिक्षाही व्हावी. पण कोलंबियाने निलंबित केलेल्या दोन संघटनांपैकी एक ज्यू विद्यार्थ्यांचीच होती, हेही लक्षात ठेवा. शिवाय निलंबनाने शांतता आली का? एप्रिल २०२४मध्ये त्याच आवारात तंबू पडले, विद्यापीठाने पोलीस बोलावले आणि १८ एप्रिलला शंभराहून जास्त जणांना अटक झाली. मान्यताप्राप्त संघटनेला पदाधिकारी असतात, त्यांना बोलावून घेता येते, जाब विचारता येतो. संघटना बंद केली की राग शिल्लक राहतो, बोलायला समोर कोणी राहत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. आरोप लेखी द्या आणि कोणता नियम मोडला ते कलमासह सांगा. निर्णयाआधी सुनावणी घ्या. तक्रार करणारा आणि निकाल देणारा एकच नको. निलंबनाला मुदत हवी आणि मुदत संपली की मान्यता आपोआप परत यावी, त्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये. अपिलाची सोय हवी. हे सगळे न करता केलेले निलंबन रद्द व्हायला हवे. माफीपत्र लिहून घेऊन दिलेली मान्यता ही मेहेरबानी असते आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते.

आपल्यालाही दोन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, कॉलेजात मंडळ चालवत असाल तर नियमावलीची प्रत जवळ ठेवा, बैठकीचे इतिवृत्त लिहा, परवानगीचा अर्ज देताना पोच घ्या, खर्चाचा हिशेब ठेवा. कंटाळवाणे काम आहे, पण संकटात हेच कागद बोलतात. दुसरी गोष्ट अवघड आहे. उद्या अभाविपच्या एखाद्या शाखेवर सुनावणीशिवाय बंदी आली, तर ती चूक आहे असे आपण म्हणू का? म्हणायला हवे. एखाद्या गटाबद्दलच्या रागाने इन्साफ सोडू नका, असे कुरआन आपल्याला बजावते. फक्त आपल्या माणसांसाठी मागितलेला न्याय समोरच्याला पक्षपात वाटतो आणि तो वाटणे चुकीचेही नसते. सर्वांसाठी मागाल, तर कुलगुरूंच्या टेबलावर ठेवलेल्या तुमच्या अर्जाला वजन येईल.