दुधाची फॅट बघता, बारची का नाही?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर उतरलात, की पहिल्यांदा काय हवं असतं ते वेगळं सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, डांबर पायाला चिकटतंय, आणि समोर दुकानाच्या दारात फ्रीजर. वीसची नोट काढायची, काडीवरचा चोकोबार घ्यायचा. आपल्या वडिलांच्या वेळी हेच काम सायकलवरचा गारेगारवाला करायचा. रंगीत बर्फ, साखरेचं पाणी, आणि त्यात दूध आहे असा दावा त्या बिचाऱ्यानं कधीच केला नाही!

आता एक करा. तो कागद फेकायच्या आधी उलटा धरा. बारीक अक्षरांत 'आइस्क्रीम' लिहिलंय की 'फ्रोझन डेझर्ट', ते वाचा. चव तीच, फोटो तसाच, पण हे दोन वेगळे पदार्थ आहेत. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार साध्या आइस्क्रीममध्ये कमीत कमी 10 टक्के फॅट असावी लागते आणि ती दुधाचीच असावी लागते. फ्रोझन डेझर्टमध्येही 10 टक्के फॅट लागते, पण ती पामसारख्या वनस्पती तेलाची चालते. कुठली फॅट आणि किती, हे पाकिटावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. म्हणजे लपवलेलं काही नाही. आपणच वाचत नाही.

गंमत म्हणजे फॅट वाचायची सवय आपल्या तालुक्याइतकी कुणाला असेल? सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर गेला असाल, तर "आज किती लागली?" हा प्रश्न तुमच्या कानात बसलेला असणार. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया. त्याच्या खाली एक पॉइंट गेला तरी दर कापला जातो आणि घरी त्या दिवशी पेंड कुठली घातली यावर चर्चा होते. 2024 मध्ये दर इतके पडले, की सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. त्या घरातला पोरगा वीस रुपये देतो आणि फॅट कशाची हे विचारतसुद्धा नाही. हे मला खटकतं.

यावरून भांडण कोर्टातही गेलं होतं. 2017 मध्ये अमूलनं जाहिरात केली, की आमचं आइस्क्रीम खऱ्या दुधाचं, फ्रोझन डेझर्टमध्ये मात्र वनस्पती असतं. क्वालिटी वॉल्सवाली हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, आम्ही वापरतो ते वनस्पती तेल, डालडासारखं वनस्पती तूप नव्हे. न्यायालयानं ती जाहिरात थांबवायला सांगितली, कारण तिच्यामुळे अख्ख्या प्रकाराची बदनामी होते. ते बरोबरच होतं. पण 'हे डालडा नाही' याचा अर्थ 'हे दूध आहे' असा होत नाही, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून बहुतेक वेळा तसाच घेतो.

मग फ्रोझन डेझर्ट विष आहे का? अजिबात नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे ते घाबरवणारे मेसेज बाजूला ठेवा. दुधाच्या फॅटमध्ये निम्म्याहून जास्त भाग संपृक्त चरबीचा असतो, पाम तेलात साधारण निम्मा. फार मोठा फरक नाही. उलट तेलात कोलेस्टेरॉल नसतं, आणि दुधाच्या फॅटमध्ये अ जीवनसत्त्व असतं. प्रथिनांची किमान अट दोघांनाही सारखीच, 3.5 टक्के, त्यासाठी फ्रोझन डेझर्टमध्येही दुधाची पावडर वगैरे पडते. ट्रान्स फॅटवर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तब्येतीचा हिशोब खरा अडतो तो दुसरीकडेच.

एक, माप. बार विकला जातो मिलीलिटरमध्ये आणि मागचा तक्ता बऱ्याचदा 100 ग्रॅमचा असतो. मिश्रण घुसळताना त्यात हवा भरतात, म्हणून तर ते मऊ लागतं. नियमानं एका लिटरचं वजन किमान 525 ग्रॅम भरलं की झालं. म्हणजे 60 मिलीचा बार 32 ग्रॅमचाही असू शकतो. त्यात फॅट साधारण 3 ग्रॅम, म्हणजे गायीच्या 90 मिली दुधात असते तेवढी. प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम. पेलाभर दुधात ती 6 ग्रॅमच्या आसपास असतात. "पोटात काहीतरी दुधाचं गेलं" असं म्हणून दुपारचं जेवण टाळणाऱ्या हॉस्टेलवरच्या मंडळींनी हा आकडा जरा बघावा. शिवाय वरच्या चॉकलेटच्या थराला ही 10 टक्क्यांची अट लागूच नाही. तो थर बहुतेकदा तेल आणि साखरेचाच असतो.

दोन, साखर. इथे आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट सख्खे भाऊ. 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम साखर दोघांतही सापडेल. थंडीनं जिभेला गोडी कमी कळते, म्हणून ती जास्त घालावी लागते. खात्री करायची तर वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, घशाशी येतं. छोट्या बारमध्ये 6-7 ग्रॅम, मोठ्या चॉकलेट कोनमध्ये 15 ग्रॅम, म्हणजे तीनेक चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. कोन खा, पण त्याच दुपारी 250 मिलीचं कोल्ड्रिंकही मारलंत, तर एकट्या त्या बाटलीतच 26 ग्रॅम साखर असते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हे बोलणं जरा अवघडच आहे, पण असो.

आणखी एक आपल्याकडचं. उन्हाळ्यात लाइट जाते, फ्रीजर बंद पडतो, बार वितळतो आणि लाइट आल्यावर पुन्हा गोठतो. कागद सोलल्यावर आत बर्फाचे खडे दिसले, काडी एका बाजूला सरकलेली असली, तर तो परत द्या. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.

कुणी म्हणेल, मग मटका कुल्फीच बरी. असेलही, दूध आटवून केलेली कुल्फी मलाही आवडते. पण तिथे पाकीटच नाही, तेव्हा गाडीवाल्याला तोंडानं विचारावं लागेल, "मामा, दूध किती लिटरचं किती आटवलं, आणि पावडर किती?" परवा मी विचारलं. मामा हसले, म्हणाले, "दुधाचं पोर दिसतंय," आणि उत्तर न देताच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.