अंश बोलतो, छेद गप्प असतो

देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी शब्दकोशात गेले, पण ते चांगल्या अर्थाने नव्हे. ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. ब्रिटिश अमलात मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत थांबत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे मुंबईहून साधारण थंडीच्या महिन्यांतच सुटत. शेवटचे जहाज निघून गेल्यावर ज्याची मुदत संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत बसून राहावे लागे. काम नाही, करमणूक बेताची आणि वर उन्हाळा. काही जण दारूच्या आहारी गेले, काही आजारी पडले, काहींचे मानसिक संतुलन बिघडले. ‘देवळाली’ आणि ‘ताप’ हे दोन शब्द सैनिकांच्या तोंडी एकत्र आले आणि ‘डूलॅली टॅप’ तयार झाला. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत छावणीतल्या या रिकामपणाचे वर्णन आहे. १९७४ मध्ये बीबीसीने देवळालीच्या छावणीवर विनोदी मालिकाही काढली.

याच देवळालीची महाराष्ट्रातली ओळख मात्र अगदी उलटी आहे. कोरडी, थंड हवा. लॅम रोडच्या बाजूची सॅनेटोरियम. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी घेऊन येणारी मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबे. इथे महिना-दोन महिने राहून ताजेतवाने होऊन परत गेलेल्यांची संख्या मोठी आहे. पण त्यांच्यापैकी कोणी इंग्रजीला शब्द दिला नाही. छावणीतले बहुसंख्य सैनिकही निमूटपणे थांबले आणि जहाज आल्यावर निघून गेले. त्यांचीही दखल भाषेने घेतली नाही. शब्द झाला तो मोजक्यांच्या बिघडण्याचा.

हा जुना किस्सा आज आठवण्याचे कारण प्रत्येकाच्या खिशात आहे. सोसायटीचा ग्रुप, ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप, मधुमेहींचा, थायरॉईडचा, गुडघेदुखीचा ग्रुप. तिथे ज्यांचे बोलणे दिसते, त्यांच्यावरून न दिसणाऱ्यांचाही निष्कर्ष काढला जातो. गप्पागोष्टींत त्याने फारसे बिघडत नाही. औषध सुरू ठेवायचे की बंद करायचे, हे त्यावर ठरू लागले की मात्र बिघडते.

ऑनलाइन गटांत लोक किती वेळा लिहितात, याचा अभ्यास बराच झाला आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ सूत्र मांडले. शंभरातले नव्वद जण फक्त वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतांश मजकूर एकटा उरलेला एक जण लिहितो. हे सूत्र आरोग्याच्या गटांना लागू पडते का, हे ट्रेव्हर व्हॅन मीरलो यांनी तपासले. दारू सोडणे, धूम्रपान सोडणे, नैराश्य आणि भीतीचे झटके या विषयांवरचे चार ऑनलाइन गट त्यांनी घेतले. सुमारे ६४ हजार सदस्य आणि ५ लाख ७८ हजारांहून अधिक संदेश. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वाधिक लिहिणाऱ्या एक टक्का सदस्यांनी सरासरी सुमारे तीन चतुर्थांश मजकूर लिहिला होता. सर्वांत कमी लिहिणाऱ्या नव्वद टक्क्यांचा वाटा दीड टक्क्याहूनही कमी होता.

अशा ठिकाणी ‘सरासरी’ हा शब्दही फसवतो. समजा, दोनशे जणांच्या ग्रुपवर दिवसाला शंभर संदेश पडतात. सरासरी काढली तर माणशी अर्धा संदेश. पण अर्धा संदेश लिहिणारा माणूस त्या ग्रुपवर शोधूनही सापडणार नाही. सापडतील ते दिवसाला तीस-चाळीस संदेश टाकणारे दोघे, एखाद-दुसरा टाकणारे पंधरा-वीस आणि उरलेले दीडशेहून अधिक गप्प. सकाळी फोन उघडल्यावर शंभर संदेश दिसतात. ते शंभर माणसांचे मत आहे, असे मन नकळत धरून चालते.

आरोग्याच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. कोण लिहितो, हे योगायोगाने ठरत नाही. ब्लेअर नॉनेक आणि जेनी प्रीस यांनी २००० साली केलेल्या पाहणीत सॉफ्टवेअरविषयक ईमेल-गटांतले ८२ टक्के सदस्य गप्प होते, तर आरोग्यविषयक गटांत हे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. ज्याला दुखते, त्याला बोलावेसे वाटते. हे स्वाभाविकच आहे. पण म्हणूनच जे लिहिले जाते, ते दुखणाऱ्याच्या बाजूला झुकलेले असते.

रक्तदाबाच्या गोळीचे उदाहरण घ्या. ॲम्लोडिपिन घेणाऱ्या काहींच्या पायांवर सूज येते, हे खरे आहे आणि डॉक्टरांना माहीत आहे. ज्याचे पाय सुजले, तो फोटोसकट लिहितो. ज्याचा रक्तदाब वर्षभर १३०-८० वर टिकला, त्याच्याकडे लिहिण्यासारखे काय असते? ‘आज काहीही झाले नाही’ असा संदेश कोणी टाकत नाही. पक्षाघात टळला, हे तर ज्याचा टळला त्यालाही कळत नाही. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचेही तसेच. ज्याचा गुडघा आखडला, तो ग्रुपवर असतो. ज्याचा बरा झाला, तो टेंपल हिलच्या बाजूला फिरायला गेलेला असतो.

शाळेत शिकलेल्या अपूर्णांकाच्या भाषेत सांगायचे, तर ग्रुप फक्त अंश दाखवतो, छेद दाखवत नाही. ‘सहा जणांना त्रास झाला’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. दहांपैकी सहा असतील, तर औषध धोक्याचे. दहा हजारांपैकी सहा असतील, तर गोष्ट वेगळी. औषधांच्या चाचण्यांत त्रास न झालेल्यांचीही नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवतात, ती यासाठीच. गप्प माणसाला विचारणे, हे तिथे कामाचा भाग असते. ग्रुपवर ते कोणाचेच काम नसते.

वारंवारतेचा दुसरा परिणाम त्याहून घातक आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले की ते खरे वाटू लागते. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये हे प्रयोगाने दाखवले आणि त्यानंतर ते अनेकदा पडताळले गेले. एकच मजकूर चार ग्रुपवरून आला की मनाला ते चार साक्षीदार वाटतात. प्रत्यक्षात साक्षीदार एकही नसू शकतो. याची सर्वांत भीषण किंमत महाराष्ट्राने शेजारच्या धुळे जिल्ह्यात पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी मोबाइलवरून पसरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. अफवा जमावाची असो की औषधाची, तिला बळ पुराव्यातून मिळत नाही, पुनरावृत्तीतून मिळते.

यावरून ‘जास्त लिहिणारे वाईट आणि गप्प बसणारे शहाणे’ असा अर्थ काढणे मात्र चूक ठरेल. कोणताही रुग्णगट टिकतो तो त्या एक टक्क्यामुळे. रात्री अकराला ‘साखर ५८ झाली, काय करू?’ असा घाबरलेला प्रश्न आला, तर ‘आधी साखर-पाणी घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, बरे वाटले नाही तर लगेच दवाखाना गाठा’ असे उत्तर बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी देतो. त्यांना हसणे कृतघ्नपणाचे आहे.

गप्प बसणाऱ्यांनाही दोष देण्याचे कारण नाही. नुसते वाचून काय मिळते, हे नेदरलँड्समध्ये स्तनाचा कर्करोग, फायब्रोमायॅल्जिया आणि संधिवाताच्या ऑनलाइन गटांत पाहिले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजाराची माहिती, डॉक्टरांशी बोलण्याचा आत्मविश्वास, आजाराचा स्वीकार अशा बहुतेक बाबतींत मूक वाचकांना लिहिणाऱ्यांइतकाच लाभ झाल्याचे दिसले. फरक पडला तो मुख्यतः एका ठिकाणी. माणसांशी जोडले गेल्याचे समाधान लिहिणाऱ्यांना अधिक मिळाले. म्हणजे माहिती वाचूनही मिळते. सोबत मिळायला थोडे बोलावे लागते. एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये हा फरक लहान नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट ॲडमिनने करण्यासारखी आहे. ‘कोणाला या औषधाचा त्रास झाला?’ असा प्रश्न विचारलाच तर त्याच्यासोबत ‘कोण घेते आहे आणि काहीच त्रास नाही?’ हेही विचारावे. व्हॉट्सॲपवर मतदानाची सोय आहे. एक बोट टेकवायला भिडस्त माणूसही तयार होतो. त्यातून शास्त्रीय निष्कर्ष निघणार नाही, पण छेद नावाची गोष्ट असते, एवढे तरी सर्वांच्या लक्षात राहील.

दुसरी गोष्ट गप्प सदस्याने करण्यासारखी आहे. रोज लिहायची गरज नाही. पण स्वतःचा अनुभव चर्चेच्या उलट असेल, तर वर्षातून एकदा तरी ‘मी तीन वर्षे घेतो आहे, मला त्रास नाही’ एवढी एक ओळ टाकावी. ती ओळ औषधाची शिफारस नव्हे. घाबरलेल्या शेजाऱ्याला आज रात्री गोळी बंद करण्याऐवजी उद्या सकाळी डॉक्टरांना विचारावेसे वाटले, तर तिचे काम झाले.

तिसरी गोष्ट ज्याला खरोखरच त्रास झाला, त्याच्यासाठी. त्याचा अनुभव ग्रुपवर वाहून जातो. शंभर ‘काळजी घ्या’ मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० पासून आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. तिथे गेलेली नोंद देशभरातल्या इतर नोंदींशी ताडून पाहिली जाते. तिचा उपयोग पुढच्या रुग्णाला होतो.

शेवटचा मुद्दा मोजण्याच्या पद्धतीचा. कोण किती लिहितो, याची दुसऱ्याशी तुलना करून काही कळत नाही. कोणी बडबड्या असतो, कोणी मितभाषी. पाहायचे असेल, तर ज्याची त्याची नेहमीची चाल पाहावी. रोज सुप्रभात पाठवणारे काका आठवडाभर गप्प झाले, किंवा एरवी अबोल असलेली काकू पहाटे तीनला एकामागून एक संदेश पाठवू लागली, तर ते आजाराचे निदान नव्हे. पण फोन करून विचारपूस करण्याइतके कारण नक्कीच आहे. मन खचल्यासारखे वाटले, तर टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.

छावणीत अडकलेल्या त्या सैनिकांनाही थट्टेच्या शब्दापेक्षा अशा विचारपुशीची जास्त गरज होती. ग्रुपवर कोण किती बोलतो, हे फोन आपोआप दाखवतो. कोण बोलत नाही आणि का, हे माणसालाच विचारावे लागते.