शिकून आलेलं इथे रुजलं पाहिजे

हैदराबादेत १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली. तीच आजची तारनाक्याची ‘इफ्लू’, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ. आशिया-आफ्रिकेतले शिक्षक इथे प्रशिक्षणाला येतात, तर आपल्याकडच्या बीएडच्या मुलामुलींना परदेशातल्या शाळेत इंटर्नशिप करावीशी वाटते. ही ओढ चांगली आहे. मात्र तिथल्या प्रशस्त वर्गांवरून आणि हाती पडणाऱ्या प्रमाणपत्रावरून अशा इंटर्नशिपचं मोल ठरवू नये. परतल्यावर त्यातलं किती आपल्या भाषेत, आपल्या मुलांसमोर उभं करता आलं, यावरच ते ठरतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण यासाठी आजही मोलाचं आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. चेल्टनमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी स्वतः शिक्षण घेतलं आणि संस्कृतही शिकवलं. १८८६ मध्ये अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियात त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची बालोद्यान पद्धत अभ्यासली. या पद्धतीत सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन असं साहित्य मुलाच्या हाती देतात. हाताळता हाताळता मूल आकार आणि संख्या ओळखू लागतं. रमाबाई हे नुसतं पाहून थांबल्या नाहीत. तिथे असतानाच त्यांनी मराठी क्रमिक पुस्तकं लिहायला घेतली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. परदेशातला अभ्यास आणि इथलं काम यांची सांगड त्यांनी तिथेच घालायला सुरुवात केली होती.

यावर कुणी म्हणेल, रमाबाई असामान्य होत्या आणि त्यांच्या पाठीशी अमेरिकन देणगीदारही होते. हे खरंच आहे, आणि म्हणूनच शिष्यवृत्त्या हव्यात. नाहीतर ही संधी ऐपतदार घरांपुरतीच उरेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अनोळखी भाषेच्या वर्गात उभं राहायला परदेश कशाला? आदिलाबाद जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी बोलणाऱ्या घरांतली मुलं तेलुगू किंवा इंग्रजी पुस्तकासमोर बसतात. तेलंगणाच्या सरकारी शाळांत २०२२-२३ पासून इंग्रजी माध्यमाचा विस्तार झाला आहे. भाषा न कळल्याने मूल गप्प का बसतं, हे समजायला विमानाचं तिकीट लागत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही परदेशात ती अडचण शिकवणाऱ्याच्या वाट्याला येते. शब्द अपुरे पडले की हातवारे, चित्रं, वस्तू यांवर धडा पेलावा लागतो. ती धडपड ज्याने स्वतः केली, तो गप्प मुलाला सहसा ‘ढ’ म्हणणार नाही.

म्हणून दोन्ही अनुभव एकमेकांना जोडले पाहिजेत. दोन वर्षांच्या बीएडमध्ये वीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे. त्यातले काही आठवडे परदेशात गेले, तर उरलेले आदिलाबादसारख्या जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत गेलेच पाहिजेत, आणि गुण या दुसऱ्या टप्प्यावरच द्यावेत. ज्या महाविद्यालयाला ही अट पाळता येणार नाही, त्याने विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याची घाई करू नये.