बाजार आला, वाचनालय कोठे आहे?

कोल्हापूर शहर कोणत्या दिशेने वाढत आहे हे समजण्यासाठी नगररचनेचे नकाशे उलगडण्याची गरज नाही. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी या गावांच्या रस्त्यांवरून एखाद्या सायंकाळी फेरी मारली तरी पुरे. काल-परवापर्यंत जेथे ऊस उभा होता, तेथे आज तीन-चार मजली इमारती उभ्या आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी चंदगड, आजरा, गडहिंग्लज, राधानगरीकडून आलेली कुटुंबे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत राबणारे उत्तरेकडील कामगार, विद्यापीठाच्या आसपास खोल्या करून राहणारे विद्यार्थी अशी ही नवी वस्ती आहे. तिच्या दाराशी किराणा, औषधे, दूध, मोबाईल, तयार कपडे असे सर्व काही हजर आहे. रात्री दहा वाजताही येथे हवी ती वस्तू मिळते. मात्र संध्याकाळी निवांत बसून चार वृत्तपत्रे चाळावीत, मुलांसाठी गोष्टीचे एखादे पुस्तक घरी न्यावे, अशी सार्वजनिक जागा यांपैकी बहुतेक वसाहतींत आढळत नाही.

या स्थितीचा दोष नवागतांच्या अभिरुचीवर ढकलण्याची एक सोयीस्कर पद्धत आहे. 'या लोकांना वाचायला नको, खरेदी हवी' असे जुन्या पेठांतील सुशिक्षित सहज बोलून जातात. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही हा युक्तिवाद मान्य करणार नाही. बाजार गरज पाहत नाही, गरजेमागची क्रयशक्ती पाहतो. शंभर कुटुंबे राहावयास आली की किराणा दुकान आपोआप निघते, कारण प्रत्येक कुटुंब रोज तेथे पैसे मोजणार असते. वाचनालयाचा लाभ सर्वांना असतो, परंतु त्याचा पुरता खर्च कोणा एकाकडून वसूल करता येत नाही. म्हणून ते कोणी व्यापारी काढत नाही. ते समाजाला जाणीवपूर्वक उभारावे लागते. कोल्हापूरच्या इतिहासात याची साक्ष जागोजागी आहे.

1891 साली कोल्हापुरात रेल्वे आली. 1895 साली राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली. बाहेरचे व्यापारी आले, अडत दुकाने थाटली गेली, आणि कोल्हापूरचा गूळ दूरवरच्या बाजारात जाऊ लागला. पेठ वसविणे एवढ्यावरच राज्यकर्त्याचे काम संपते असे महाराजांनी मानले असते, तर शाहूपुरी हे आणखी एक व्यापारी ठाणे झाले असते. पण त्याच राजाने 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि त्याच सुमारास व पुढील काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम तसेच अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात निवारा, भाकरी आणि अभ्यासाची जागा एकत्र मिळावी, हे त्यामागचे सूत्र होते. बाहेरून आलेला मनुष्य म्हणजे केवळ भाडेकरू किंवा गिऱ्हाईक नव्हे, तो उद्याचा नागरिक आहे, ही दृष्टी त्यात होती.

ग्रंथालयांच्या बाबतीतही कोल्हापूर मागे नव्हते. आज करवीर नगर वाचन मंदिर या नावाने ओळखली जाणारी संस्था 1850 साली सुरू झाली. 1945 साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील या प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, 1948 साली आला. संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो आरंभ तेथेच थांबला. ज्या भूमीत ग्रंथालय हा राज्याच्या कर्तव्याचा भाग मानला गेला, त्याच भूमीतील नव्या वसाहती आज वाचनालयावाचून आहेत, याची खंत कोणाला वाटताना दिसत नाही.

शहरापासून थोड्या अंतरावर असलेल्या गांधीनगरचे उदाहरण अधिक बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातील हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी 1943 ते 1948 या काळात वळिवडे येथे होती. त्यांत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक होता. परत जाण्यास देश उरला आहे की नाही याची शाश्वती नसतानाही या माणसांनी तेथे शाळा चालविल्या, चर्च उभारले, नाटके केली, मुलांची स्काउट पथके काढली. पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. हातात भांडवल नसताना, केवळ कष्ट आणि सचोटीच्या बळावर त्यांनी कापडाची एवढी मोठी घाऊक पेठ उभी केली की, आज लग्नाच्या बस्त्यासाठी दूरदूरचे लोक गांधीनगरला येतात.

या कर्तृत्वाला दाद दिलीच पाहिजे. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. सिंधी समाजाच्या जुन्या पिढीचे वाचन प्रामुख्याने अरबी वळणाच्या लिपीत होते. भारतात वाढलेल्या नातवंडांना ती लिपी परकी झाली. 1967 साली सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, पण अनुसूचीतील नोंदीने घरातील पुस्तक वाचता येत नाही. आजोबांनी जपलेला ग्रंथ नातवाच्या दृष्टीने मुका व्हावा, ही हानी कोणत्याही व्यापारी हिशेबात दिसत नाही. निर्वासितांना जागा दिली, बाजार वाढू दिला, आणि त्यांच्या भाषेच्या, पुस्तकांच्या रक्षणाचा प्रश्न मात्र त्यांच्यावरच सोडला, हे शासनाचे धोरण होते. आजच्या उपनगरांत त्याच धोरणाची पुनरावृत्ती होत आहे.

आता सामान्य नोकरदाराच्या घरात डोकावावे. समजा, पाचशे चौरस फुटांच्या घराचे भाडे दरमहा आठ हजार रुपये आहे. पुस्तकांची दोन कपाटे आणि त्यांच्यापुढे उभे राहण्याची जागा मिळून पंधरा चौरस फूट धरले, तर केवळ त्या जागेपोटी दरमहा 240 रुपये, म्हणजे वर्षाला 2,880 रुपये भाडे पडते. पुस्तकांची किंमत यात धरलेलीच नाही. शिवाय अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलवावयाचे. अशा वेळी प्रथम गठ्ठे बांधून बाजूला काढले जातात ते पुस्तकांचेच. ग्रंथसंग्रह हा केवळ आवडीचा विषय राहिलेला नाही, तो जागेच्या मालकीचा विषय झाला आहे.

एके काळी शिक्षक, गिरणी कामगार, एस.टी.चे वाहक यांच्या घरी लहानसे का होईना, पण वेचक संग्रह असत. याचे कारण त्या काळी पुस्तके त्यांच्या आवाक्यात आणली जात होती. राज्य शासनाने 1969 साली महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, 1979 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, आणि सामान्य वाचकांनी ते आवर्जून घरी नेले. मॉस्कोत छापलेली स्वस्त पुस्तके सोव्हिएत संघ कोसळेपर्यंत गावोगावच्या प्रदर्शनांत मिळत होती. नगर जिल्ह्यातील कोल्हारहून शिक्षणासाठी कोल्हापुरात आलेले, म्हणजे स्वतः नवागतच असलेले कॉ. गोविंद पानसरे यांनी 1988 साली 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका काढली. कार्यकर्त्यांनी ती हातोहात पोहोचविली आणि तिच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. 2015 साली पानसरे यांची हत्या झाली. अल्प किमतीच्या पुस्तिकेत किती सामर्थ्य असते, हे तिच्या वाचकांप्रमाणेच तिच्या विरोधकांनाही नेमके कळले होते.

त्या पिढीचे संग्रह आज कोठे जात आहेत? वडील जातात, पेठेतील घर विकले जाते, मुलगा पुण्यास आणि मुलगी बंगलोरला असते. चाळीस वर्षे जमविलेली पुस्तके रद्दीवाला किलोच्या भावाने उचलतो. एकीकडे वाचनालयाविना वसाहती आणि दुसरीकडे वाचकाविना संग्रह, अशी ही विसंगती आहे. दोहोंमधील अंतर पाच-सात किलोमीटरांचे आहे. ते जोडणारी यंत्रणा तेवढी नाही.

मोबाईलवर सर्व काही वाचता येत असताना वाचनालय कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले खासगी अभ्यासिकांत खुर्चीचे मासिक भाडे का भरतात, हा त्यावरचा प्रतिप्रश्न आहे. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील, तर शांतता हीच दुर्मिळ वस्तू ठरते, आणि बाजाराने तिलाही किंमत लावली आहे. ज्याला ती परवडत नाही, त्याच्या मुलाने कोठे बसावयाचे?

महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. सारी भिस्त शासनाच्या अनुदानावर आहे. 2012 च्या पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचे काम वर्षानुवर्षे थांबले. याचा अर्थ उघड आहे. जुन्या वस्तीतील जुनी संस्था कशीबशी तगली, पण नवी वस्ती नवी संस्था काढावयास गेली तर दार बंद होते. निपाणीपलीकडे कर्नाटकात 1965 च्या कायद्याने ग्रंथालयांसाठी उपकर ठेवला आहे. दिवाबत्तीचा कर देणारा नागरिक पुस्तकासाठीही दोन पैसे देतो, आणि त्यात कोणाला अन्याय वाटत नाही. कोल्हापूर महानगरपालिका 1972 साली स्थापन झाली; तेव्हापासून हद्दवाढीचा वाद दशकानुदशके चालला. या वादात नव्या वसाहती धड शहराच्या नाहीत आणि धड गावाच्या नाहीत, अशा अवस्थेत वाढल्या.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न सांस्कृतिक विभागाच्या शेवटच्या ठरावापुरता ठेवू नये. पाणी, रस्ता, गटार यांच्या निवेदनात वाचनालयाची मागणी त्याच ठामपणे आली पाहिजे. मंजूर रेखांकनात सोडलेल्या मोकळ्या जागांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीकडून मागवावी आणि त्यांतील एका जागेवर वाचन कक्षाचा ठराव ग्रामसभेत मांडावा. पत्त्याचा पुरावा आणि स्थानिक जामीन या अटींमुळे भाडेकरू व परप्रांतीय कामगार सभासद होऊ शकत नाहीत. त्या अटी सैल कराव्यात आणि कपाटात मराठीबरोबर हिंदी, कन्नड, सिंधी पुस्तकेही असावीत. शहरातील वृद्ध वाचकांच्या संग्रहांची नोंद त्यांच्या हयातीतच करून ते या कक्षांकडे वळवावेत. आणि राज्य पातळीवर 1967 च्या कायद्यात ग्रंथालय उपकराची दुरुस्ती मागावी. येत्या ग्रामसभांपासून या कामास आरंभ करता येईल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.